रिकाम्या डब्यांचा पुरावा

शेवगावला रेल्वे हवी असे म्हटले की हल्ली एकच पुरावा समोर टाकला जातो: आष्टीची गाडी. नगर ते न्यू आष्टी ही डेमू २३ सप्टेंबर २०२२ला सुरू झाली. हिरवे झेंडे हलले, भाषणे झाली आणि थोड्याच दिवसांत बातम्या येऊ लागल्या की गाडी जवळपास रिकामी धावते. तेव्हापासून युक्तिवाद ठरून गेला आहे. तीस वर्षे ओरडत होतात, मिळाली तर बसायला माणूस नाही. बालाघाटाच्या डोंगरात हजारो कोटींचे रूळ कशाला घातले. आता तोच खेळ शेवगाव-पाथर्डीकडे कशाला? असे म्हणणारे केवळ पुण्या-मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे असते तर दुर्लक्ष करता आले असते. पण आमच्याच बसस्थानकासमोरच्या हॉटेलात, कटिंग चहावर, शेवगावात जन्मलेली शिकलीसवरलेली माणसे हे बोलतात. म्हणून उत्तर देणे भाग आहे.

गाडी रिकामी होती, हे खरे. ती का रिकामी होती, हे मात्र कोणी विचारत नाही. त्या गाडीचे सुरुवातीचे वेळापत्रक आठवा. पावणेआठला ती नगरहून आष्टीकडे निघायची, साडेदहाला पोचायची आणि अकराला परत फिरून दोनच्या सुमारास नगरला यायची. आता विचार करा, या पट्ट्यातला माणूस नगरला कशासाठी जातो? जिल्हा न्यायालयात तारीख असते, सरकारी दवाखान्यात दाखवायचे असते, पोराला कॉलेजात जायचे असते, मार्केट यार्डात माल टाकायचा असतो. ही सगळी कामे सकाळी दहा-अकराला सुरू होतात. त्यासाठी सकाळी गाडी गावाकडून शहराकडे सुटावी लागते. इथे ती उलटी सुटत होती. सकाळी नगरहून आष्टीला जायला कोण बसणार? आणि दुपारी दोनला नगरात उतरलेला माणूस कोर्टात जाऊन करणार काय? त्यात ६६ किलोमीटरला पावणेतीन तास. ज्या रुळांवर शंभराच्या वर वेगाने गाडी पळवून चाचणी घेतली, त्याच रुळांवर प्रवाशांची गाडी ताशी चोवीस किलोमीटरच्या हिशेबाने चालली. पुढे १६ ऑक्टोबर २०२३ला याच मार्गावर नगरजवळ डेमूच्या डब्यांना आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण जे चार प्रवासी सवय लावून घेत होते तेही बिचकले.

बरे, चूक एकदा झाली असे धरू. १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत गेली. बीडकरांनी या दिवसाची वाट जितकी पाहिली तितकी क्वचितच कोणी कशाची पाहिली असेल. आणि वेळापत्रक काय आले? सकाळी सातच्या सुमारास नगरहून सुटायचे, दुपारी साडेबाराला बीड. बीडहून एकला निघून संध्याकाळी साडेसहाला नगर. रविवारी बंद. बीडच्या माणसाने नगरला कामाला जायचे तर मुक्काम ठोकावा लागणार. १६७ किलोमीटरला साडेपाच तास, आणि एसटी त्याच्या कितीतरी आधी पोचते. तिकीट चाळीस-पन्नास रुपये आहे, जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर एसटीला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. तरीही पैसे वाचवायला म्हणून माणूस दिवस घालवत नाही. मजुराचासुद्धा दिवस बुडतो, हे रेल्वेच्या वेळापत्रकवाल्यांना कोणी सांगितले नसावे.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे. वेळापत्रक चुकले आणि दोष प्रदेशाला दिला गेला. रिकामे डबे एवढेच सिद्ध करतात की चुकीच्या वेळी, बैलगाडीच्या वेगाने, उलट्या दिशेने सोडलेल्या गाडीत माणसे बसत नाहीत. त्यावरून आष्टी-पाटोद्याच्या लोकांना रेल्वेची गरज नाही असे अनुमान काढायचे असेल, तर मध्यरात्री शाळा भरवून, पोरे आली नाहीत म्हणून गावाला शिक्षणाची गोडी नाही असेही म्हणता येईल.

आता पैशाचे बोलू, कारण खरे हत्यार तेच आहे. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५मध्ये मंजूर झाला तेव्हा अंदाज होता ३५३ कोटींचा. आजचा सुधारित खर्च आहे ४,८०५ कोटी, आणि त्यातला निम्मा भार राज्य सरकारने उचललेला आहे. साडेतेरा पटींची ही वाढ दाखवून विचारले जाते, एवढ्या पैशात काय काय झाले असते! पण ही वाढ डोंगराने केली का? पहिला बारा किलोमीटरचा तुकडा, नगर ते नारायणडोह, पूर्ण व्हायला २०१७ उजाडले. म्हणजे बावीस वर्षांत बारा किलोमीटर, आणि तेही नगरच्या वेशीबाहेरच्या सपाटीवर. घाट, खोदाई, उंच पूल हे सगळे त्यानंतर आले आणि तुलनेने झपाट्याने झाले. दरवर्षी अर्थसंकल्पात चिमूटभर तरतूद करायची, भूसंपादन रेंगाळू द्यायचे, केंद्राने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे बोट दाखवायचे, आणि मग वाढलेल्या खर्चाचे खापर मागणी करणाऱ्यांच्या डोक्यावर फोडायचे. उशीर ज्यांनी केला तेच आता उशिराचे बिल आम्हाला दाखवतात.

डोंगराचे निमित्त तर कोकण रेल्वेनंतर कोणी सांगूच नये. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले, जानेवारी १९९८मध्ये रोह्यापासून मंगळूरच्या दिशेने सलग मार्ग खुला झाला. सातशे चाळीस किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, वर कोकणातला पाऊस आणि ढासळती माती. ई. श्रीधरन यांच्यासारखा अधिकारी, मागे मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखे हट्टी राजकारणी, आणि रोखे काढून उभा केलेला पैसा. आठ वर्षे लागली. त्यापुढे बालाघाट म्हणजे काय आहे? नगरकडून आष्टी-अमळनेरमार्गे बीडला जाताना लागणारी टेकड्यांची रांग, मुरूम आणि काळा पाषाण. सह्याद्रीच्या कुशीतून आठ वर्षांत रेल्वे जाते आणि बालाघाटाच्या अंगावरून जायला तीस वर्षे पुरत नाहीत, तर अडथळा मंत्रालयांमधल्या फायलींत होता, डोंगरात नव्हता.

दर किलोमीटरचा हिशेब मांडून पाहू. नगर–परळी मार्ग आजच्या वाढीव खर्चानेही किलोमीटरला साधारण साडेअठरा कोटींना पडतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च ५५ हजार कोटींच्या वर, म्हणजे किलोमीटरला ७८ कोटींहून जास्त. समृद्धीला माझा विरोध नाही, तो रस्ता उत्तम आहे, चारचाकी असलेल्यांसाठी. पण त्या रस्त्याला कोणी सर्वेक्षणाच्या टेबलावर बसवून विचारले नाही की बाबा, आज या वाटेने किती गाड्या जातात ते आधी सांग. रेल्वेला मात्र हेच विचारतात. नव्या मार्गावर घातलेल्या पैशावर परतावा १४ टक्के मिळाला पाहिजे, ही रेल्वेची वर्षानुवर्षांची फूटपट्टी होती. त्यासाठी वाहतुकीचे सर्वेक्षण होते. म्हणजे जिथे रेल्वे नाही म्हणून कारखाने नाहीत, गोदामे नाहीत, माल साठवायची सोय नाही, तिथे जाऊन आज किती माल निघतो ते मोजायचे, तो कमी भरतो, आणि शेरा पडतो: परतावा अपुरा. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि आड खणायला तर परवानगीच नाही. ही फूटपट्टी किती पोकळ आहे हे रेल्वेलाही ठाऊक आहे. म्हणून तर सामाजिक गरज म्हणून काही मार्ग तिला परतावा न बघता मंजूर करावे लागतात.

या फूटपट्टीने मोजले असते तर लातूरचे काय झाले असते, ते बघा. बार्शी लाइट रेल्वे ही कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची १८९७मध्ये सुरू झालेली अडीच फुटी रेल्वे. मिरज ते लातूर असा तिचा रखडत धावणारा मार्ग होता आणि तिच्या रुंदीकरणाला किती वर्षे लागली हे लातूरकरांना विचारा. २००८मध्ये ते कुर्डुवाडी-लातूर भागात पूर्ण झाले. त्या वेळीही परताव्याचे प्रश्न विचारणारे असणारच. आणि आठ वर्षांनी, एप्रिल २०१६मध्ये, लातूर शहराच्या नळांना पाणी उरले नाही तेव्हा मिरजेहून पाण्याच्या गाड्या सुटल्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पावसाळा लागेपर्यंत त्या शहराला रुळांनी जगवले. त्याच उन्हाळ्यात बीड जिल्हा तितकाच होरपळत होता, शेवगाव-पाथर्डीत टँकरच्या फेऱ्या मोजल्या जात होत्या, जनावरे छावण्यांत बांधली होती. बीडला पाण्याची गाडी का गेली नाही? रूळच नव्हते. हा परतावा कोणत्या रकान्यात धरायचा, ते चौदा टक्केवाल्यांनी सांगावे.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. आधी पाणी द्या, रेल्वे मागून बघू, असे म्हणणारे शेतकरी आहेत. त्यांचा राग समजतो. धरण उशाला, कोरड घशाला हे शेवगावकरांइतके कोणी अनुभवले नसेल. जायकवाडीसाठी १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केले, तालुक्याच्या उत्तरेची गोदाकाठची गावे आणि सुपीक जमीन नाथसागराच्या पोटात गेली, आणि शहराच्या नळाला अजून दिवसाआड सोडा, आठवड्याआड पाण्याची वाट बघावी लागते. ताजनापूर उपसा योजनेचे नाव घेतले तरी इथला म्हातारा हसतो. पण पाणी की रेल्वे, हा पर्याय कोणी ठेवला? दुसऱ्या तालुक्यांपुढे तो कधी ठेवला गेला नव्हता. आपल्याच जिल्ह्यातले श्रीरामपूर बघा. बेलापूर हे जुने गाव, पण दौंड–मनमाड मार्गावर बेलापूर रोड स्टेशन झाले आणि त्या स्टेशनाभोवती नवे गाव वाढले, ते आजचे श्रीरामपूर. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आले, ऊस आला, बाजारपेठ आली. पाण्याने पीक आणले आणि रुळांनी ते बाहेर नेले. कालवा नसता तर स्टेशन ओस पडले असते, हे मान्य. पण स्टेशन नसते तर साखर बैलगाडीत किती दूर गेली असती? जिथे दोन्ही मिळाले तिथे शहर झाले. आम्हाला मात्र दोहोंतले एक निवडा असे सांगतात, आणि शेवटी दोन्ही देत नाहीत.

आणखी एक गोष्ट 'आधी पाणी' म्हणणारे विसरतात. दौंड–मनमाड मार्ग कधी झाला? १८७८मध्ये. म्हणजे १८७६–७८च्या त्या भयंकर दुष्काळात. नगर जिल्ह्यातली उपाशी माणसे त्या मार्गाच्या भरावावर माती टाकायला लागली होती. परक्या सरकारने आपल्या स्वार्थासाठी का होईना, दुष्काळात रेल्वे बांधली, कारण धान्य आणायचे तर मार्ग लागतो हे त्याला कळत होते. आज आपलेच लोक म्हणतात की दुष्काळी तालुक्याला रेल्वे म्हणजे चैन.

मनमाडचे उदाहरण मी टाळणार नाही, कारण विरोधक ते आज ना उद्या काढणारच. मनमाड हे मोठे जंक्शन, चहूकडून गाड्या येतात, आणि शहर पाण्यासाठी तडफडते. मग रेल्वेने काय दिले? खरे आहे, रेल्वे नळाला पाणी आणत नाही, नगरपालिकेचे काम स्टेशन मास्तर करत नाही. पण मनमाडजवळ अन्न महामंडळाची गोदामे आणि पानेवाडीत इंधनाचे मोठे डेपो आहेत, ते रुळांमुळे आहेत. मनमाडची तहान हे पाण्याच्या राजकारणाचे अपयश आहे. ते रेल्वेच्या खात्यावर टाकणे म्हणजे एका गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला देणे.

या सगळ्या वादात एक गंमत अशी की दोन्ही बाजू प्रवाशांबद्दलच बोलतात. रिकामे डबे मोजणारेही आणि 'शेवगाव ते मुंबई थेट गाडी' असे फलक लावणारेही. माझ्या मते या तालुक्याचा खरा प्रवासी माणूस नाही, पोते आहे. शेवगावात कपाशीचे जिनिंग चालते, गाठी गुजरातेकडे आणि दक्षिणेकडे जातात, ट्रकने. बाभुळगाव, बोधेगाव, भेंडा या परिसरात साखर कारखाने आहेत, साखर ट्रकने जाते. कांदा घोडेगावला आणि नगरला, ट्रक नाहीतर टेम्पोने. खताची गोष्ट तर शेतकऱ्याच्या तोंडी रोज असते: नगरला 'रेक लागली' का? मालधक्क्यावर रेक लागली, माथाडींनी ती खाली केली, ट्रक भरले, की मग दोन-तीन दिवसांनी दुकानात युरिया. पेरणीच्या तोंडावर हे दोन-तीन दिवस किती महाग पडतात ते खत दुकानासमोरच्या रांगेतल्या माणसाला विचारावे. एका मालगाडीच्या रेकमध्ये ४२ वाघिणी, साधारण २,६०० टन माल. तोच माल वीस-वीस टनांच्या ट्रकने न्यायचा तर १३० ट्रक. हे १३० ट्रक अमरापूर–तिसगाव रस्त्यावर आणि पाथर्डीच्या बाजूला वर्षानुवर्षे रखडलेल्या कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर धावतात, रस्ते उखडतात, आणि आम्ही खड्ड्यांसाठी आंदोलने करतो. रस्ता पुरेसा आहे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला आहे का?

सांगोल्याने तो केला. सांगोला हाही दुष्काळीच तालुका, माणदेशाच्या उंबरठ्यावरचा. पण मिरज–कुर्डुवाडी मार्गावर त्याला स्टेशन आहे. ऑगस्ट २०२०मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल्वे सुटली आणि त्याच महिन्यात सांगोल्याचे डाळिंब तिच्याशी जोडले गेले. डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच बंगालकडे रवाना झाली. डाळिंब आमच्याकडेही पिकते. सांगोल्याचा शेतकरी आमच्यापेक्षा शहाणा आहे असे नाही, त्याच्या शिवेवर मालधक्का होता एवढेच. तोही मार्ग रुंद करताना परतावा अपुरा म्हणून सोडला असता, तर सांगोल्याचे डाळिंब तेव्हा ट्रकच्या भाड्यातच संपले असते.

स्थलांतराबद्दलही ऐकावे लागते. रेल्वे आली की पोरे पळून पुण्या-मुंबईला जातील, गाव ओस पडेल. हे ऐकून हसावे की रडावे? दसरा झाला की शेवगावच्या पूर्व भागातून, पाथर्डीतून, आष्टी-शिरूरमधून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे कोयता घेऊन निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पोरे सोबत असतात, शाळा सुटते. गाव ओस पडायचे ते कधीच पडते, दर वर्षी सहा महिने. रेल्वेने हे थांबेल असे खोटे मी सांगणार नाही. ऊसतोडीचा प्रश्न रुळांनी सुटण्याइतका साधा नाही. पण ज्या पट्ट्यातून इतकी माणसे आधीच जातात, तिथे जायची वाट उघडेल म्हणून रेल्वे नको म्हणणे, हे त्या माणसांच्या नावावर बोलणे आहे, त्यांच्या बाजूने नव्हे.

जमिनीचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तो मी झटकत नाही. जायकवाडीत एकदा जमीन गेलेल्या घरांना दुसऱ्यांदा जमीन द्या म्हणताना जीभ अडखळते. मार्ग आखताना शेत दोन तुकड्यांत कापले जाते, पलीकडच्या विहिरीला वळसा पडतो, रुळांखालच्या भुयारी रस्त्यात पावसाळ्यात कंबरभर पाणी साचते. २०१३च्या कायद्याप्रमाणे मोबदला, आणि तो काम सुरू होण्याआधी, हीच अट हवी. भुयारी रस्त्याचा निचरा आराखड्यात हवा, उद्घाटनानंतर नव्हे. पण हा युक्तिवाद करणाऱ्या अनेकांनी, शेवगावचा दोन पदरी रस्ता चार पदरी व्हावा म्हणून सह्या केल्या आहेत. चार पदरी रस्त्याला जमीन लागत नाही का?

आता आपल्या बाजूच्यांबद्दलही थोडे बोलायला हवे, नाहीतर हा लेख अर्धा राहील. रेल्वे हवी म्हणणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न निवडणुकीच्या पत्रकात जपून ठेवलेला आहे. बेलापूरहून नेवासा, शेवगाव, गेवराईमार्गे परळीला जोडणारा मार्ग ही ब्रिटिश अमदानीपासूनची चर्चा. प्रत्येक निवडणुकीत ती निघते, निवेदन दिले जाते, फोटो निघतो, मग पाच वर्षे सामसूम. आणि आता राहुरी–शनिशिंगणापूर हा २१.८४ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला आहे, ४९४ कोटींचा. सपाट रानातला हा मार्ग किलोमीटरला साडेबावीस कोटींना पडतो, म्हणजे डोंगरातल्या नगर–परळीपेक्षा महाग, किमतींच्या वर्षांचा फरक धरला तरी. त्याच्या परताव्यावर कोणी प्रश्न विचारला नाही, कारण भाविक येणार. शनिदेवाला यायला रेल्वे, आणि त्याच शिंगणापूरच्या पुढच्या नेवासा-शेवगावच्या कपाशीला ट्रक. देवदर्शनाला माझा आक्षेप नाही. रेल्वे तिथेच थांबते याला आहे. जिथे भाविक संपतात तिथे मार्ग संपवायचा ठरवला, तर शेवगावच्या वाट्याला पुन्हा रिकाम्या डब्यांचीच गोष्ट येणार, कारण शनिवारी आणि अमावास्येला गाडी भरेल आणि बाकीच्या दिवशी रिकामी जाईल. मग पुन्हा कोणी तरी फोटो काढील आणि म्हणेल, बघा.

शेवगाव हे आडवळणाचे गाव आहे असे आपण स्वतःच मानून बसलो आहोत, हीही एक अडचण आहे. याच तालुक्यातल्या मुंगीला ६ मार्च १७२८ रोजी पहिल्या बाजीरावाने निजामाला तह करायला लावला, तो मुंगी-शेवगावचा तह. ते दख्खनच्या वाटांचे मध्यस्थान होते म्हणून तिथे लष्करे येऊन थांबली. पैठण नदीपलीकडे, गेवराई-बीड पूर्वेला, नगर पश्चिमेला. नकाशावर बोट ठेवले तर मराठवाडा आणि नगर यांच्यामधला सांधा इथेच आहे. शिंगणापूरचा मार्ग नेवासा-शेवगावमार्गे गेवराईकडे नेला आणि बीडजवळ परळीच्या मार्गाला जोडला, तर परळीच्या औष्णिक केंद्रापासून मनमाडपर्यंत आणि लातूर-परभणीपासून पुण्यापर्यंत माल फिरवायला दुसरी वाट तयार होते. अशी जोडणी झाली तर प्रत्येक तुकड्याचा परतावा वेगवेगळा मोजायची गरज राहत नाही. तुकड्यातुकड्याने मोजले तर कोणतीही रेल्वे तोट्याचीच भरेल. बोरीबंदर ते ठाणे हे १८५३चे ३४ किलोमीटर एकटेच राहिले असते, तर तेही तोट्याचेच ठरले असते.

तेव्हा रिकाम्या डब्यांचा पुरावा दाखवणाऱ्यांनी आधी एवढे करावे: बीडची गाडी सकाळी बीडहून सुटू द्या, साडेपाच तासांऐवजी तीन-साडेतीन तासांत नगरला पोचू द्या, नगरला पुण्या-मुंबईच्या गाडीशी तिची वेळ जुळवा, आणि आष्टी, अमळनेर, बीड या स्थानकांवर मालधक्के उभे करा. मग वर्षभर मोजा. तोवर रिकामे डबे मोजणे हा हिशेब नाही, निमित्त आहे.

आणि शेवगावकरांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत, बाजार समितीत, नगरपरिषदेत रेल्वेचा ठराव मांडाल तेव्हा 'मुंबईला थेट गाडी' हे वाक्य खोडा. राहुरी–शनिशिंगणापूर मार्ग नेवासा-शेवगाव-गेवराईपर्यंत वाढवण्याची मागणी लिहा, शेवगावला मालधक्का लिहा, काम सुरू होण्याआधी जमिनीचा मोबदला लिहा, आणि दरवर्षीची तरतूद किती याचे उत्तर खासदारांकडून लेखी मागा. ठरावाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.